तिच्या ट्रेमधले काजू

मी काजू फोडायला लागले तेव्हा मला बासष्टावं लागलं होतं. त्याआधी मिरजोळ्याला एमआयडीसीत एका ठिकाणी काम मागून आले होते. तिथल्या माणसाने वय विचारलं, मी सांगितलं, त्याने पुढच्या बाईला बोलावलं. त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. मीही माझ्या शेतावर बासष्ट वर्षांची मजूर ठेवली नसती.

म्हणून आमच्याच गावात एका संस्थेने काजूचा कारखाना काढला आणि त्यांची अट ऐकली, तेव्हा मला आधी खरंच वाटेना. जिला दुसरीकडे काम मिळत नाही तिला पहिल्यांदा घ्यायचं. विधवा, नवऱ्याने टाकलेली, वय झालेली, अंगाने अधू, अशा बायका. आणि बी घ्यायची ती आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून, दलाल देतो त्यापेक्षा बरा भाव देऊन.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, बी उकडायचा बॉयलर, एक ड्रायर आणि फोडायची बारा टेबलं. प्रत्येक टेबलावर नंबर रंगवलेला. मला आठवं मिळालं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण बाजार मला कळतो. शेतकऱ्याला जास्त द्यायचं, काम येत नाही तिला कामावर ठेवायचं, आणि काजू मात्र बाकीचे विकतात त्याच भावाने विकायचा, हे गणित मला बसेना. मी पहिल्याच आठवड्यात मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे शेड सांभाळायला संस्थेने ठेवलेली मुलगी, पुण्याकडची, माझ्या नातीच्या वयाची.

"हे दुकान आहे की धर्मशाळा?"

"दोन्ही, आजी."

"दोन्ही कसं असेल?"

"तेच बघायचंय. पहिली तीन वर्षं एक मोठी कंपनी पैसे देणार आहे. तेवढ्यात आपण आपल्या पायावर उभं राहायचं."

"आणि नाही राहिलो तर?"

"तर शेडला कुलूप."

तेव्हापासून मला त्या गोष्टीचा नाद लागला. बाकीच्या बायका दुपारी डबा खाऊन पाठ टेकायच्या, मी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन बसायची. बी कितीला घेतली, लाकूड किती लागलं, काजू कुठे जातो, असं विचारत राहायची. त्या सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "आजी, तुम्ही कंपनीच्या साहेबांपेक्षा जास्त विचारता." मी म्हटलं, साहेबांच्या घरची चूल यावर पेटत नाही.

त्या विचारण्यातून मला कळलं ते एवढंच, की सगळं अख्ख्या गरावर आहे. उकडलेली बी उजव्या हाताने टेबलावरच्या कटरच्या दोन ब्लेडच्या मध्ये ठेवायची, पायाने पट्टी दाबायची, डाव्या हाताने दांडा ओढायचा आणि टोकदार सळीने टरफल उघडायचं. बी सरळ बसली तर गर अख्खा निघतो. वाकडी बसली तर गराची पाकळी होते, नाहीतर तुकडा. अख्खा गर डब्यात भरून चांगल्या भावाने जातो. तुकडा मिठाईवाला घेतो आणि भाव पाडून घेतो. बी तीच, बागही तीच. चिमटीत जरा इकडेतिकडे झालं की निम्मी किंमत जाते.

रोज संध्याकाळी प्रत्येकीच्या ट्रेमधलं वजन व्हायचं, अख्खे वेगळे आणि तुटके वेगळे. मॅडम ते कॉम्प्युटरमध्ये घालायच्या. रोजंदारी सगळ्यांना सारखी, आणि अख्ख्या गरावर वर थोडे पैसे जास्त.

माझ्या शेजारच्या सात नंबरवर बसायची ती वहाळापलीकडच्या वाडीतली. चाळिशीची असेल. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडला होता आणि इकडे घरात सासू होती, ती अंथरुणाला धरलेली. हिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर कापणीत विळा बसला होता. जखम भरली, पण अंगठा वळायचा बंद झाला. काजू फोडायला अंगठाच लागतो. हिची बी कटरवर जरा तिरकी बसायची, आणि तिरकी बसली की फुटायची.

तिची दया यावी अशी ती नव्हती. तोंडाची फटकळ. पहिल्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "बाय, तुला जमतंय का गो?" तर म्हणाली, "नाय जमलं तर तुझ्या घरी येऊन बसीन, पोसशील?"

पाच नंबरवर बसायची ती आमच्यातली सगळ्यात वेगाची. मोठ्या आवाजाची, अंगापिंडाने दांडगी, घरची काजूची कलमं असलेली. तिला हे काम लहानपणापासून येत होतं. एके दिवशी ती पाणी प्यायला उठली आणि सातच्या टेबलावरून जाताना तिने अख्ख्या गराची एक मूठ तिच्या ट्रेमध्ये टाकली आणि येताना तिच्या तुकड्यांची एक मूठ उचलून स्वतःच्या ट्रेमध्ये घातली. सातने नुसतं वर बघितलं. दुसऱ्या दिवशी मी टाकली. मग बाकीच्याही टाकायला लागल्या.

ज्यांनी भात कापलेलं नाही त्यांना हे चोरीसारखं वाटेल. कापणीला आम्ही बायका शेताच्या एका कडेला ओळीने बसतो. जिच्या समोर जेवढी पट्टी, ती तिची पात. पुढे सरकत कापत जायचं. जिची पात आधी संपते ती उभी राहून बघत बसत नाही. मागे राहिलेलीच्या पातीत समोरच्या टोकाने शिरते आणि दोघी एकमेकींकडे कापत येतात. कोणी सांगावं लागत नाही आणि कोणी आभार मानत नाही. एकटी मागे राहिलेली दिसली तर ती लाज सगळ्या ओळीची. मालकाला शेवटी शेत कापलेलं दिसतं. कोणी किती कापलं ते त्याला दिसत नाही, आणि त्याचं त्यावाचून काही अडत नाही.

आम्ही शेडमध्ये तेच केलं. सात एकटी नव्हती. कडेच्या टेबलांवर दोन म्हाताऱ्या होत्या, माझ्याहून मोठ्या, त्यांच्याही ट्रेमध्ये मुठी जायच्या. दीड-दोन वर्षं हे चाललं. मॅडम आपल्या टेबलाशी बसून असायच्या, त्यांना कळलं नाही.

अडलं ते इथे, की शेताच्या मालकाला कोणी किती कापलं ते बघायचं नव्हतं. मॅडमना बघायचं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी मला कॉम्प्युटरवर एक चित्र दाखवलं. बारा उभ्या पट्ट्या, बारा जणींच्या. सगळ्या जवळजवळ सारख्या उंचीच्या.

"बघा आजी, बाकीच्या कारखान्यांत आपल्यापेक्षा बरेच जास्त अख्खे निघतात. पण आपल्याकडे सगळ्या सारख्या आहेत. एखादीचा हात कच्चा असता तर तिची पट्टी खाली दिसली असती. म्हणजे दोष हातात नाही."

"मग कशात?"

"तेच शोधते."

मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर सातचं नाव निघालं असतं. आणि दुसरं कारण सांगते, ते काही चांगलं नाही. ही शिकलेली मुलगी आता काय करते ते मला बघायचं होतं.

तिने आधी उकडायची वेळ बदलली. मग बी जास्त दिवस वाळवून बघितली. मग टेबलांची ब्लेड बदलली, त्यात पैसे गेले. पट्ट्या तशाच सारख्या, आणि सगळ्या तशाच बुटक्या. शेवटी तिने ठरवलं की आमच्याकडची बीच खराब. लहानमोठी, एकसारखी नाही. तिसऱ्या वर्षी शिमगा झाला आणि शेतकरी बी घेऊन येतील म्हणून वाट बघत असताना शेडच्या दारात ट्रक उभा राहिला. परदेशातून आलेली बी, बंदरातून व्यापाऱ्यामार्फत घेतलेली. बाकीचे कारखाने तीच वापरतात म्हणे.

गावातल्यांनी आमच्या भरवशावर बी राखून ठेवली होती. ती राजापूरच्या बाजूच्या दलालाने भाव पाडून घेतली. त्यात पाचच्या घरचीही होती.

पाच त्या दिवशी कामावर आली ती भांडतच. "आमची बी खराब? माझ्या सासऱ्यानं लावलेली कलमं ती. आजवर कोण नाय बोललं खराब. कालची पोर येऊन सांगते."

"तिला कशी कळणार?" मी म्हटलं. "तिला सगळ्या पट्ट्या सारख्या दिसतात."

"म्हणजे?"

"तू मूठ टाकतेस म्हणून दिसतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू पण टाकतेस." आणि कामाला बसली. पण मूठ त्याही दिवशी टाकली.

परदेशी बी मोठी, एकसारखी, दिसायला छान. ती पण तेवढीच फुटली. फुटणारच होती. मॅडम संध्याकाळी वजनकाट्यापाशी ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तुकडे बोटाने चिवडत होत्या. कंपनीची तीन वर्षं सहा महिन्यांत संपणार होती. त्यांना करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी गेले.

"मॅडम, बी चांगली होती."

"कुठली?"

"आमची. तुमच्या कॉम्प्युटरला आम्ही फसवलं."

मी सगळं सांगितलं, पातीचं सुद्धा. नाव घेतलं नाही, पण शेडमध्ये अधू हाताची एकच होती. त्या चिडतील अशी माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "मूठ केवढी?"

"म्हणजे?"

"तुमची मूठ. किती ग्रॅम?"

त्यांनी मला काट्यावर मूठ टाकायला लावली. मग दुसऱ्यांदा टाकायला लावली. दिवसातून किती वेळा, किती जणी, ते विचारलं. पुण्याच्या पोरीला राग आलाच नव्हता. तिला एकदाचं गणित सुटल्यासारखं झालं होतं.

एक आठवडा कोणी मूठ टाकायची नाही असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कुठून कळलं ते बायकांनी ओळखलं. त्या आठवड्यात माझ्याशी शेजारचीसुद्धा बोलली नाही. शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं आणि नवीन चित्र दाखवलं. नऊ पट्ट्या उंच, दोन बुटक्या आणि सातची तर बाकीच्यांच्या गुडघ्याएवढी.

"नऊ जणींचं काम कुठल्याही कारखान्याच्या तोडीचं आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी. मी बीला दोष दिला. या तिघींमुळे जेवढं नुकसान झालं, त्यापेक्षा जास्त मी ब्लेड बदलून आणि बाहेरची बी आणून केलं."

आता सात जाणार, असं सगळ्यांना वाटलं. ती चित्राकडे बघत होती. सगळ्यांच्या आधी तीच बोलली, आणि बोलली ती आमच्यावर.

"मूठ पडते ते मला दिसत होतं. किती पडते ते नव्हतं ठावं. दोन वर्षं मला वाटायचं, हात बसतोय माझा. सुधारतेय मी. हे इतकं कमी हाय ते पहिल्या महिन्यात कळलं असतं तर मी दुसरं काय तरी केलं असतं ना? दांडा उजवीकडं लावून मागितला असता, बी डाव्या हातानं धरली असती."

तिला सांभाळायच्या नादात आम्ही तिच्यापासूनही लपवलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

मॅडमनी मग त्यांना बरा वाटलेला उपाय सांगितला. सगळ्यांचे अख्खे गर एकत्र मोजायचे आणि वरचे पैसे बारा जणींत सारखे वाटायचे. म्हणजे कोणी कोणाला लपूनछपून द्यायला नको.

पाच उठून उभी राहिली. "मी नाय देणार."

"पण तुम्ही तर रोज देत होतात," मॅडम म्हणाल्या.

"देत होते. माझ्या हातचं होतं. तुम्ही कागदावर काढून घेणार असाल तर नाय."

आणखी चार-पाच जणी तिच्या बाजूने झाल्या. मुठी टाकणाऱ्याच त्या. मला हे फार नवल वाटलं. तेवढाच गर, तीच माणसं, जाणार त्याच बाईला, आणि तरी नको. चर्चा तिथेच मोडली. घरी जाताना मी पाचला वाटेत गाठलं आणि विचारलं, का गो?

"मूठ टाकली की ती माझ्याकडं बघते," ती म्हणाली. "बोलत नाय, पण बघते. वाटणी झाली की कोणाकडं बघील? कॉम्प्युटरकडं."

मला ते तेव्हा हलकं वाटलं. पुढे विचार केला तसं वाटलं, खोटं तरी कुठे बोलली. पातीतही तेच असणार. आम्ही त्याला नाव दिलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, "दोनदा वजन करा. आधी जिचं तिचं, खरं. ते कॉम्प्युटरमध्ये घाला. मग जिला द्यायचं ती देईल, नाही तिने नाही. मग पगारासाठी परत वजन करा."

"संस्थेच्या तक्त्यात दिवसाला एकदाच वजन भरता येतं, आजी."

"मग दुसरं तुमच्या वहीत लिहा. तक्ता काय देवाने केलाय?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या की मुठीने पगार सारखा होईल, पण फुटलेला गर फुटलेलाच, तो तोटा शेडचा. त्यांनी कागद घेऊन बराच वेळ आकडे मांडले. गावची बी परत घेतली आणि नऊ जणींचं काम असंच राहिलं, तर शेड तिघींना ओढू शकते, असं त्यातून निघालं.

"आणि चौथी आली तर?" मी विचारलं.

"चौथी नाही."

हे त्यांनी सगळ्यांसमोरही सांगितलं, जसंच्या तसं. जिने तिने आपल्या हातांकडे बघितलं. वयाने त्या दोघी म्हाताऱ्यांच्या मागोमाग मीच होते, तेव्हा मी जरा जास्त बघितलं.

कंपनीचे पैसे बंद होऊन आता बराच काळ झाला आणि शेड उघडी आहे. पण सगळं सरळ झालं असं नाही. पुढच्या हंगामात गावची बी आली ती निम्मीच. बाकीच्यांनी दलालाशी आधीच बोलून ठेवलं होतं. एकदा फसलेला शेतकरी दुसऱ्या वर्षी हसत दारात येत नाही. पाचच्या नवऱ्याने अर्धी रक्कम हातात पडेपर्यंत पोतं सोडलं नाही, आणि मॅडमनी मुकाट दिली. चौथीचा नियम अजून आहे. एक म्हातारी वारली तेव्हा गावातल्या तीन बायका जागा मागायला आल्या. तिघींचीही अडचण खरी होती. मॅडमनी एकीला घेतलं आणि दोघींना घरी पाठवलं. त्या दोघी मला बाजारात भेटतात. धर्मशाळा म्हणायची तर यांना का परत पाठवलं, आणि दुकान म्हणायचं तर तिसरीला का घेतलं, याचं उत्तर मला मॅडमनी दोनदा समजावलंय. मला ते पटतं. त्या दोघींना सांगता येत नाही.

सातने दांडा उजवीकडे लावून घेतला, बी डाव्या हाताने धरायला. चिपळूणच्या बाजूचा एक फिटर येऊन करून गेला. महिनाभर तिने आधीपेक्षाही जास्त तुकडे केले. मग हळूहळू हात बसला. चांगल्यात ती अजून नाही. तिघींत मात्र ती आता वरची.

दोनदा वजन करायला लागलो तो पहिला दिवस मला नीट आठवतो. आम्ही ट्रे घेऊन रांगेत उभ्या होतो. काट्यावर वजनाचा आकडा लाल अक्षरात उठतो. सातची पाळी यायच्या आधीच पाच रांग मोडून पुढे आली, नेहमीसारखी, मूठ भरून. हात पुढे केला.

सातने आपला अधू पंजा ट्रेवर आडवा धरला.

"थांब की गो. आधी माझं किती भरतंय ते बघू दे."

तिने ट्रे काट्यावर ठेवला, वाकून आकडा वाचला आणि मॅडमनी तो लिहिला की नाही तेही बघितलं. आकडा लहानच होता. मग ट्रे उचलून पाचसमोर धरला.

"हं. टाक आता."